तुर्कस्तानातल्या मिठात रुतलेले पाय

तुमच्या मासिकात लोकांचे असले अनुभव येतात, ते माझी सून मला वाचून दाखवते. मी अर्ध्यातच थांबवतो. खोटं वाटतं म्हणून. आमच्या खाडीकाठी चकवा लागतो, बांधावर बाई उभी असते, कोण पाठीमागून हाक मारतं... हे सगळं मी लहानपणापासून ऐकत आलोय. पन्नास वर्षं मिठागरात काढली. भरती वेळ बघून येत नाय, त्यामुळे नको त्या वेळेला बांधावर गेलोय. मला एकदा साप आडवा गेला आणि एकदा फौजदार. तिसरं कोणी नाय.

तरी हे लिहितोय. मी चौथी पास. सून म्हणाली, बाबा, मी चुका काढून देते. म्हटलं, नको. चुका काढता काढता तू माझं बोलणंच काढून टाकशील. जसं आहे तसं छापा.

आमचं गाव पेण तालुक्यातलं. कासू स्टेशनाला उतरलं की खाडीच्या अंगाला तासभर चालायचं. आमचं स्वतःचं आगर आहे, वडिलांच्या हातचं. आगर म्हणजे मिठागर. मीठ आपोआप होतं असं शहरातल्या लोकांना वाटतं. तसं नसतं. पाऊस गेला की आगरातलं पाणी काढायचं आणि तळ पायांनी बडवायचा. त्याला आम्ही पाय मारणं म्हणतो. सात-आठ माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून ओळीत उभी राहतात आणि एका तालात टाचा आपटत पुढे सरकतात. असं दिवसचे दिवस. शेवटी चिखल असा घट्ट होतो की टाच मारली तर फरशीसारखा वाजतो. मग त्याच्यावर खाडीचं पाणी, मग ऊन, मग मीठ. आणि आगरात चप्पल घालून उतरायचं नाय. माझ्या बापाने एकदा एका इन्स्पेक्टरला बूट काढायला लावले होते.

हे सांगायचं कारण, पुढे जे झालं ते ह्याच्यामुळेच झालं.

माझी मुलगी रंजना रोह्याच्या बाजूला दिली. जावई नरेंद्र, घरची भात आणि वालाची शेती, स्वतः रोह्याला कंपनीत. मशिनी बसवायचं काम. त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या सुमाराला कंपनीने त्याला दोन वर्षांसाठी तुर्कस्तानात पाठवला. समुद्राकाठी नाय, पार आत, अक्सराय म्हणून गाव आहे तिथे. रंजना पण गेली. तिकडे दिवस गेले. सातव्या महिन्यात डॉक्टरीणबाई म्हणाली की हिला विमानात बसवायचं नाय.

आता पहिलं बाळंतपण माहेरी. हे काय बोलायची गोष्ट आहे? माझी बायको हिरा, ती दोन दिवस जेवली नाय. मग म्हणाली, "पोर माहेरी येत नाय तर माहेर तिच्याकडं जाईल." मी म्हटलं, जा. तर म्हणे, "मी एकटी त्या इमानात बसनार नाय. तुमी पन चला." मी पनवेलच्या पलीकडे चारदा गेलेला माणूस. पण गेलो. नाय म्हटलं असतं तर ती मलाच घाबरट म्हणाली असती.

हिराने ट्रंकेत काय काय भरलं ते सांगत बसत नाय. डिंक, हळीव, कुळीथ, आणि आमच्या आगरातलं शेरभर खडे मीठ, बाळाची दृष्ट काढायला. तिकडे उतरल्यावर तिथल्या साहेबाने ते मीठ उघडलं, नाकाला लावलं, चार जणांना बोलावलं. मी सांगतोय, मीठ हाय, मीठ. चाटून दाखवलं. तरी काढून घेतलं. हिरा म्हणाली, "चाटायला कोनी सांगितला तुमाना? त्याला वाटला नशाच हाय."

जावयाने आम्हाला पुष्कळ फिरवलं, हे मानलं पाहिजे. त्याचा एक ड्रायव्हर होता हसन म्हणून, माझ्याच वयाचा. त्याचं आणि माझं भाषेवाचून जमलं. त्यांच्यात चहाला चाय म्हणतात, साबणाला साबुन, दुनियेला दुनिया. एवढ्यावर दोन म्हाताऱ्यांचं भागतं.

डोंगर बघितले तिकडचे. डोंगर म्हणजे वारुळांसारखे सुळके, एकाला एक लागून, आणि आतून कोरून लोकांनी घरं केलेली. देवळं पण, आतून रंगवलेली. जुनी एक सराई दाखवली, उंटांचे तांडे उतरायचे तिथे. तिच्या दगडी दरवाज्यावर असं बारीक काम की पेणचा मूर्तीवाला पण मान खाली घालील. आणि एक शहर दाखवलं ते जमिनीखाली. मजल्याखाली मजले, वाकून चालायचं. शत्रू आला की सगळं गाव आत जायचं आणि जात्याच्या पाळीएवढा... नाय, बैलगाडीच्या चाकाएवढा दगड आतून लोटून वाट बंद करायचं. मी दुसऱ्या मजल्यावरून परत फिरलो. भीती नाय. पण माती चारी बाजूंनी जवळ आली की मला आवडत नाय. आमचं सगळं आयुष्य उघड्यावर.

वसुबारस आली. हिराने गॅलरीत पिठाची गाय-वासरू काढली. रंजनाचे दिवस भरत आलेले. सकाळी हिराने पुन्हा मिठाचं काढलं. दुकानातलं बारीक पुडीचं मीठ दृष्टीला चालत नाय, खडाच पाहिजे. जावई म्हणाला, "मामा, त्यात काय एवढं. इथून तासाभरावर मिठाचं तळं आहे. आख्ख्या देशाला पुरतं. उन्हाळ्यात आपोआप मीठ होतं, माणसाचा हात लागत नाही."

म्हटलं, "आपोआप?"

"हो. आपोआप."

"जावईबापू, तुम्ही वाल पिकवणारे. मिठातलं तुम्हाला काय कळतं? चला, दाखवा."

आम्ही तिघं निघालो. मी, जावई आणि हसन. दुपारी दीड-दोनला पोचलो. आणि काय सांगू... नजर जाईल तिथपर्यंत पांढरं. काठ नाय, बांध नाय, झाड नाय, पक्षी नाय. माझं सगळं गाव, आमचा खाडीकाठचा सगळा खारेपाट त्यात कुठे टाकला तर सापडला नसता. आतून खूप वाईट वाटलं. पन्नास वर्षं टाचा आपटून आम्ही जे करतो ते इथे नुसतं पडलंय.

काठाजवळचं मीठ मळकट होतं. पुढे स्वच्छ होतं. मी चपला काढल्या. हसनने हात हलवला, "योक, योक." म्हणजे नको. मी त्याला माझा तळपाय वर करून दाखवला. हा पाय मिठावर झिजलाय, मला नको काय सांगतोस.

आमच्यात एक हिशेब पक्का आहे, जावयाला पण मी तो येताना गाडीत सांगितला होता. पांढरं दिसलं की पाय टाकायचा, काळं दिसलं की थांबायचं. कारण आमच्याकडे पांढऱ्याच्या खाली माणसांनी बडवलेला तळ असतो. त्या तळ्याखाली कोणी पाय मारले नव्हते, हे माझ्या डोक्यात आलंच नाय. दोन-तीनशे पावलं चाललो. एक जागा दिसली, एकदम दुधासारखी. तिथे गेलो.

पापड मोडावा तसा आवाज झाला आणि मी गुडघ्यापर्यंत खाली.

खाडीचा माणूस चिखलाला भीत नाय. पाय मोकळा कसा करायचा, मागे कसं पडायचं, आम्हाला शिकवावं लागत नाय. पण आमच्या चिखलात पाणी असतं, तो सोडतो. हा सोडत नव्हता. एक पाय ओढला की दुसरा खाली. मागे पडायला गेलो तर मिठाची कड काचेसारखी, हात फाटले. थोड्या वेळात मांडीपर्यंत गेलो, आणि थंड... वर ऊन आणि खाली बर्फासारखा चिखल. तो नुसता धरून नव्हता, दाबत होता.

जावई धावत आला. मी ओरडलो, येऊ नको, थांब तिथेच. पण वालवाला. ऐकतो कुठे. माझ्यापासून दहा-बारा हातांवर तोही गेला, पायात बूट होते तरी.

हसनने काठावरून बघितलं. तो शहाणा, आत नाय आला. हाताने खूण केली, थांबा म्हणून, आणि गाडी घेऊन गेला फळ्या आणायला. मिठाचा कारखाना होता तो आम्ही येताना बघितला होता. लांब होता. गाडीचा आवाज गेला आणि मग काही आवाज राहिला नाय. वारा पण नाय.

मग जावई म्हणाला, "मामा, तुम्ही म्हणाला होता पांढरं म्हणजे घट्ट."

"मी म्हणालो होतो, थांब तिथेच."

"तुम्ही बुडताना मी काठावर उभा राहिलो असतो तर रंजनाला तोंड कसं दाखवलं असतं?"

"आता दाखवतोस का?"

तो हसला. मग त्याचं हसणं गेलं. तो हलत होता, मी सांगत होतो हलू नको, पण ज्याला सवय नाय त्याला उभं राहवत नाय. मांडीच्या वर गेला तो. मी कंबरेला आलो होतो.

म्हणाला, "मामा, घराची चावी माझ्या खिशात आहे. पासपोर्ट सगळे ऑफिसात आहेत, ते रंजनाला माहीत नाही. डॉक्टरचा नंबर माझ्या डायरीत आहे, डायरी गाडीत. तिला आज-उद्या कधी पण दुखायला लागेल. मामींना तर दार उघडून शेजारी काय सांगायचं ते पण येत नाही."

मला तोपर्यंत माझाच राग येत होता. हे ऐकलं आणि मी हिशेब मांडला. मी मेलो तर एक म्हातारा मेला. पण हा गेला तर दोन बायका परमुलखात चार भिंतींच्या आत, एक अडलेली आणि दुसरी मुकी. आणि हे कशामुळे, तर मला एका तळ्यापुढे कमीपणा वाटला म्हणून.

सूर्य खाली चालला होता. हसनचा पत्ता नाय. मिठाची कड माझ्या छातीला टेकायला आली. श्वास पूर्ण आत जात नव्हता.

आता जे लिहितो ते जसं झालं तसं.

पहिलं मला ते ऐकू नाय आलं, मांड्यांत जाणवलं. थप... थप... थप. मला वाटलं माझीच छाती वाजतेय. मी श्वास धरून बघितला. छातीचं वेगळं होतं आणि हे वेगळं. हे खालून येत होतं. एका तालात, आणि एकट्याचं नाय, सात-आठ जणांचं मिळून. जो माणूस पन्नास वर्षं ओळीत उभा राहिलाय त्याला हे ओळखायला कान लागत नाय. कोणीतरी पाय मारत होतं.

मी चारी बाजूंनी बघितलं. कोण नाय. सगळं पांढरं.

आणि मग माझ्या तळपायाला खालून टाच लागली. दगड नाय, लाकूड नाय. माणसाची टाच. माझ्या टाचेखाली टाच, माझ्या चवड्याखाली चवडा. थप. गेली. परत थप. प्रत्येक ठोक्याला खालचा चिखल थोडा घट्ट व्हायचा आणि मी थोडा वर यायचो. एक बोट, दोन बोटं. मी ओरडलो नाय. ओरडायला भीती वाटली, की आवाज केला तर थांबतील.

जावयाकडे बघितलं. तो माझ्याकडेच बघत होता, तोंड उघडं, पांढराफटक. हळूच म्हणाला, "मामा, खाली कोण आहे?"

म्हटलं, "बोलू नको. हलू पण नको. त्यांचं काम होऊ दे."

किती वेळ झालं सांगता येत नाय. कंबर मोकळी झाली, मांड्या, मग गुडघे. शेवटी मी घोट्याएवढ्या चिखलात उभा होतो आणि पायाखाली माझ्याच आगरासारखा तळ होता. टाच मारून बघितली. वाजली. मग आडवा पडलो, पोटावर सरकत जावयाकडे गेलो, त्याचा हात धरला, आणि तोही तसाच वर आला. एक बूट आत राहिला. ज्या वाटेने आलो त्याच वाटेने सरपटत काठाला आलो. काठाला येईपर्यंत ते खालचं ऐकू येत होतं. मग बंद झालं.

हसन आला दोन माणसं, फळ्या आणि दोर घेऊन. आम्हाला काठावर बसलेलं बघून त्याला रडू आलं. त्याच्या बरोबरच्या एकाने फळ्या टाकल्या, आम्ही होतो तिथे गेला आणि लांब काठी खाली घातली. माणसाच्या दीडपट काठी पूर्ण आत गेली, कुठे अडली नाय. त्याने दुसऱ्या जागी घातली, तीही गेली. तो आमच्याकडे बघून काहीतरी बोलला. हसनने जावयाला सांगितलं आणि जावयाने मला. तो विचारत होता, तुम्ही कशावर उभे राहिलात?

घरी सांगितलं की गाडी रुतली होती. हसनने पिशवीभर खडे मीठ भरून दिलं होतं, हिरा खूश. आंघोळीला बसलो तेव्हा तळपाय बघितले. फोड आलेले. पोरं पहिल्या हंगामाला पाय मारायला उतरतात तेव्हा त्यांना येतात तसे, टाचेला आणि चवड्याला. माझ्या तळव्यांना चाळीस वर्षांत फोड आला नव्हता. जावयाला दोन्ही पायांना, बूट होता त्या पायाला पण आणि बूट गेला त्या पायाला पण.

तिसऱ्या दिवशी रंजनाला मुलगी झाली. जावई बरोबर होता. डॉक्टरीणबाईला फोन त्यानेच केला, गाडी त्यानेच बोलावली. मी दवाखान्याच्या बाकावर बसून ते सगळं बघत होतो आणि माझे पाय जमिनीवर टेकवत नव्हतो.

सव्वा महिन्याने आम्ही दोघं परत आलो. दुसऱ्याच दिवशी सकाळी दामा आला. दामा माझ्या बरोबरचा, मी नसताना आगर तोच बघत होता. घरात पण नाय आला, अंगणातूनच सुरू.

"दादूस, माज्यावर भरोसा नवता तं मना आगर द्यायचा नाय. कुनाला पाठवलंतंस खनायला?"

म्हटलं, "काय खणायला? मी कोणाला पाठवू तिकडून?"

"चल बगायला."

गेलो. आगर तयार होतं. दामाने पाऊस लवकर गेला म्हणून दिवाळीच्या आधीच पाय मारून तळ घट्ट करून घेतला होता, आणि चांगला केला होता. आणि मधोमध चार भोकं, माणसाचा पाय जाईल एवढी. दोन एकत्र, आणि दहा-बारा हातांवर आणखी दोन. पहार मारली तर कड तुटणार नाय अशा तळात, आणि कडा गुळगुळीत, लोण्यात बोट घातल्यासारख्या. मी गुडघ्यावर बसून एकात हात घातला, खांद्यापर्यंत गेला. तळ लागला नाय.

दामाला विचारलं, कधी बघितलीस? म्हणाला, "वसुबारशीला. त्या दिवशी आपलं कोनच कामावं नवता, गायी पुजायच्या होत्या ना. सांजच्याला भरती बगाया आलो तं ही अशी. सकालला नवती. देवाची आन, दादूस, आमी नाय केली."

जावई वर्षभराने परत आला तेव्हा त्याला नेलं. त्याने घड्याळातला फरक काढला. आमची तिकडची दुपार म्हणजे इकडची संध्याकाळच. लांबच्या दोन भोकांपाशी उभा राहिला. आत बघितलं आणि दोन पावलं मागे सरला. मला विचारलं, "मामा, पाय मारणारे तिकडे होते की इकडे?" मला काय माहीत. मी चौथी पास.

पेणला एक कॉलेजातले सर आहेत, त्यांना नाव न सांगता विचारलं. ते म्हणाले खेकड्यांची बिळं असतील. बरं. तुर्कस्तानचं पण सांगितलं, तर म्हणाले खाली मिठाचा कडक थर असेल, तो पायाला लागला असेल. असेल. काठी मग कशी गेली, तर ते म्हणाले काठी दुसरीकडे घातली असेल. शिकलेला माणूस आहे, मी वाद घातला नाय. त्यांना टाचेबद्दल बोललोच नव्हतो.

आता आमच्या बाजूची आगरं बंद पडत चाललीत. शेजारच्यांनी सगळ्यांनी भराव टाकला, डोंगराची लाल माती डंपरने येते आणि चार दिवसांत आगराचं मैदान होतं. माझा मुलगा म्हणतो, बाबा, तुमचंच एक उरलंय, हट्ट सोडा. दामा म्हणतो, निदान ती चार भोकं तरी बुजवू, मीठ वाया जातं. गावात म्हणतात, म्हातारा तुर्कस्तानला जाऊन आला आणि फिरला.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाय, आजही नाय. पण पाय मारायला ओळ उभी राहिली की मी पुढे होतो आणि त्या चार जागा सोडून सगळ्यांना फिरवून नेतो. कोणाची टाच तिथे पडू देत नाय. कशासाठी, ते मी मुलाला सांगितलं नाय. फक्त जावयाला ठाऊक आहे. त्याच्याही घरचे त्याला विचारतात, तुझा सासरा भराव का टाकू देत नाही? मागच्या महिन्यात पोरीला घेऊन आला होता, चार वर्षांची आहे ती आता. जाताना अंगणात मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाला, "मामा, आगराचं तुम्हाला काय करायचं ते करा. पण आपण दोघं आहोत तोवर ती बुजवू नका. बुजवली आणि आपण परत त्या तळ्यातच असलो तर?"